हाक देणारे टोक : क्लायंट सॉकेट, किल्लारी आणि मराठवाडा

१/
मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासातील चार वर्षे ओळीने मांडून पाहू. १९९३ : किल्लारीचा भूकंप. १९९४ : नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना. १९९५ : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट. १९९६ : जावा या संगणकभाषेची पहिली आवृत्ती. एक प्रश्न या चौघांना जोडतो : दूरच्या टोकाकडून उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यावा?

२/
आरंभ संगणकापासून करू. दोन संगणकांवरील दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात, तेव्हा दोघांच्याही हाती संवादाचे एकेक टोक असते. त्या टोकाला सॉकेट म्हणतात. एक बाजू कान देऊन बसते, ती सर्व्हर. दुसरी स्वतः हाक घालते, ती क्लायंट. हाक घालण्यासाठी दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : यंत्राचा पत्ता आणि त्या यंत्रावरील दाराचा क्रमांक, म्हणजे पोर्ट.

३/
ही कल्पना रुजली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स प्रणालीत, १९८३ साली. तेथे सी भाषेत काम चाले. सॉकेट मागितले की प्रोग्रॅमरच्या हाती एक साधा पूर्णांक पडे. पत्त्याची रचना वेगळी भरावी लागे; जोडणी करणे, वाचणे, लिहिणे, बंद करणे या प्रत्येक पायरीला तो अंक सोबत वागवावा लागे.

४/
जोडणी कशी होते, हे नांदेडच्या रेल्वेवरून चांगले उमजते. हैदराबादहून नांदेडमार्गे मनमाडला जाणारा मीटरगेज मार्ग निजामाच्या काळातला. एकेरी मार्गाचा नियम असा, की पुढच्या स्थानकाला विचारल्याविना गाडी सोडायची नाही. ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावरच गाडी निघे. टीसीपी या नियमावलीतही क्लायंट विचारतो, सर्व्हर होकार देऊन उलट विचारतो, क्लायंट पोच देतो. त्यानंतरच मजकूर निघतो.

५/
जानेवारी १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ही वस्तुनिष्ठ, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा. तिच्यात सॉकेट ही एक वस्तू झाली. पत्ता, पोर्ट, जोडणी उघडी की बंद ही तिची अवस्था. वाचण्याचा व लिहिण्याचा प्रवाह देणे, बंद होणे ही तिची कर्तव्ये. बर्कलीत वेगवेगळ्या पायऱ्यांनी होणारे जोडणीचे काम एका ओळीत आले : पत्ता व पोर्ट देऊन नवे सॉकेट घडवा, की जोडणी झालीच.

६/
या सोयीत एक अडचण दडलेली होती. वस्तू घडवणे आणि जोडणी करणे ही एकच क्रिया असल्यामुळे ‘मी किती वेळ थांबेन’ हे सांगायला जागाच उरत नसे. पलीकडे शांतता असेल, तर प्रोग्रॅम त्याच ओळीवर ताटकळत राही.

७/
१९९७ च्या १.१ आवृत्तीत वाचताना किती थांबायचे, याची मर्यादा घालता येऊ लागली. पण जोडणीसाठी किती थांबायचे, हे ठरवण्याची सोय २००२ च्या १.४ आवृत्तीत आली. वस्तू आधी घडवायची, मग कालमर्यादा देऊन जोडायची. शांततेला हाताळण्याची भाषा घडायला सहा वर्षे लागली.

८/
क्लायंटला अपयश तीन प्रकारे भेटते. पहिले : त्या नावाचा पत्ताच सापडत नाही. दुसरे : यंत्र आहे, पण त्या दारामागे कोणी नाही; तेथून स्पष्ट नकार येतो. तिसरे : काहीच येत नाही आणि मुदत संपते. पहिल्या दोहोंतून काही माहिती मिळते. तिसऱ्यातून पलीकडे यंत्र बंद आहे, वाट तुटली आहे की उत्तर उशिरा येते आहे, यांपैकी काहीही ठरत नाही.

९/
आता ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपतींचे विसर्जन. पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून मृतांचे वेगवेगळे आकडे सुमारे ८ हजारांपासून १० हजारांपर्यंत जातात. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

१०/
त्या काळी हाक घालण्याची साधने कुठवर पोचली होती? राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या उपग्रहाधारित जाळ्याने देशातील जिल्हा मुख्यालये जोडण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. मात्र ते जाळे मुख्यालयांचे होते. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानुसार देशातील ५,७६,४९० गावांपैकी जेमतेम १ लाख ४० हजार गावांत दूरध्वनी सेवा होती. म्हणजे सुमारे चारांतील तीन गावांना स्वतःचे टोकच नव्हते.

११/
येथे क्लायंटचा धडा प्रशासनाला आणि इतिहासालाही लागू पडतो. आपत्तीत जे गाव सर्वाधिक उद्ध्वस्त होते, त्याचीच हाक घालण्याची शक्ती आधी जाते. पहिला निरोप बहुधा त्या गावाकडून येतो, ज्याच्यापाशी बोलायला माणूस आणि साधन शिल्लक आहे. निरोप न आलेल्या गावाला ‘सुरक्षित’ म्हणणे म्हणजे संपलेल्या मुदतीला ‘सर्व ठीक’ असे वाचणे होय.

१२/
आणखी एक भेद. टीसीपीत पोच मिळते, ती मजकूर पलीकडच्या यंत्रापर्यंत गेल्याची. तेथील प्रोग्रॅमने तो वाचला, समजला, काही केले, याची हमी त्या पोचेत नसते; त्यासाठी वेगळे उत्तर यावे लागते. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्टपासूनच लहान हादरे जाणवत होते. त्यांची दखलही घेतली गेली होती. परंतु त्या नोंदींवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करण्याचे शास्त्र तेव्हा नव्हते, आजही नाही. उत्तर मिळू शकले असते ते घरांच्या भिंतींतून.

१३/
ते उत्तर नंतर आले. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात भूकंपरोधक घरबांधणी आणि जुन्या घरांचे मजबुतीकरण होते. राज्याची आपत्तीसाठीची पूर्वतयारीही होती. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडचे विद्यापीठ स्थापन झाले. लातूर त्याच्याच कार्यक्षेत्रात आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट खुले केले, तेही मोठ्या शहरांपासून. हाक घालण्याचे साधन खेड्यांपर्यंत सर्वांत शेवटी आले.

१४/
आपण इतिहासाचे अभ्यासक दप्तरांवर विसंबतो. दप्तर म्हणजे कान देऊन बसलेले टोक. त्यात नोंद होते ती हाक घालू शकलेल्यांची. तार, अर्ज, दूरध्वनी ज्यांच्या आवाक्यात होते, त्यांचा आवाज तेथे सापडतो. एखादे गाव कागदांत दिसत नसेल, तर आधी विचारावे : त्या गावापाशी त्या काळी हाक घालण्याचे साधन होते का? नसेल, तर ‘तेथे काही घडले नाही’ हा निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१५/
चांगला क्लायंट मुदत संपल्यावर दोन गोष्टी करतो : निरुत्तराची नोंद ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. नांदेड-लातूरच्या वाचकांना म्हणूनच एक विनंती. आपल्या गावात पहिला दूरध्वनी कोणत्या साली, कोणाच्या घरी आला आणि त्याआधी तातडीचा निरोप कसा जात असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तारीख घालून लिहून ठेवा. ही माहिती सांगू शकणारी पिढी अजून आपल्यात आहे.