घट भरत का नाही?

विजेच्या बॅटरीला मराठीत ‘विद्युत्घट’ असेही म्हणतात. नाव मोठे बोलके आहे. पाण्याचा घट भरत नसेल, तर त्याची कारणे तीनच संभवतात : घट बिघडला असेल, आड आटला असेल, किंवा पोहऱ्याचा दोर तुटला असेल. आडावर गेलेले पोरही एवढे जाणते. परंतु विजेचा घट भरत नाही असे दिसले, की भलीभली माणसे आडाकडे व दोराकडे न पाहता प्रथम घटालाच दोष देतात. नवा घट विकत आणतात, आणि थोड्याच दिवसांत तोही रिता झालेला पाहून कपाळाला हात लावतात. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार. विद्युत्घटाचा सुमारे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या तीन दोषांची शास्त्रज्ञांना एकामागून एक पटलेली ओळख होय.

या चुकीचे रोजचे उदाहरण म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतील हिरवळ कापण्याचे, वर बसून चालवावयाचे यंत्र. हिरवळ कापणारे पहिले यंत्र एडविन बडिंग याने १८३० साली इंग्लंडातील स्ट्राउड गावाजवळ बनविले. तेथील गिरण्यांत लोकरी कापडावरची लव एकसारखी छाटणारे यंत्र असे. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. त्याचे यंत्र माणसाने ढकलावयाचे होते. १९०२ साली रॅन्सम्स या इंग्रज कारखान्याने पेट्रोलवर चालणारे यंत्र विक्रीस आणले, आणि काळाच्या ओघात किल्ली फिरवताच एंजिन सुरू करणारी बॅटरीही या यंत्रांत आली. तिकडे हिवाळ्याचे काही महिने हे यंत्र कोठारात पडून असते. वसंतात मालक किल्ली फिरवतो, आणि ‘खट्’ एवढाच आवाज येतो. दोष कोणाचा?

इटलीच्या व्होल्टाने १८०० साली जस्त, चांदी आणि खारट पाण्यात भिजविलेले पुठ्ठे यांची चळत रचून विजेचा अखंड प्रवाह मिळविला. पण ती वीज धातूच्या झिजेतून येई. झीज पुरी झाली की घट संपला. पुन्हा भरता येईल असा व्यवहारोपयोगी घट निर्माण केला तो फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने, १८५९ साली. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड घालून, त्याने गुंडाळले व सौम्य गंधकाम्लात बुडविले. पुढच्याच वर्षी असे नऊ घट एकत्र जोडून त्याने पॅरिसच्या विज्ञान-अकादमीपुढे मांडले. मात्र ते भरावयाचे कशाने? त्या काळी उपयुक्त असा डायनमो नव्हता. झिजून संपणाऱ्या जुन्या घटांनीच हे नवे घट भरावे लागत. घट चांगला, पण आडच कोरडा, अशी ती अवस्था होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

१८८१ साली कामिय फोर या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाने शिशाच्या पत्र्यांवर शेंदराचा लेप देऊन घटाची साठवण वाढविली. त्याचे भरलेले घट पॅरिसहून ७२ तासांचा प्रवास करून ग्लासगोला विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन, याच्याकडे पोहोचले. दहा लक्ष फूट-पौंड शक्ती पेटीत बंद होऊन आली, या बातमीने लंडनचे वृत्तपत्र गाजले. पण कौतुक ओसरू लागले. वापरात घट लवकर निकामी होत, आणि एडिसनसारखा माणूस त्यांच्याविषयी उघड अविश्वास बोलून दाखवू लागला.

घट निकामी का होतात याचा उलगडा होण्यासाठी घटात घडते काय हे आधी कळणे अवश्य होते. ग्लॅडस्टन व ट्राइब या इंग्रज रसायनज्ञांनी १८८२ च्या सुमारास ते दाखवून दिले. वीज देताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते, आणि घट भरताना ते पुन्हा विरघळून जाते. परंतु रिकामा घट तसाच पडू दिला, तर हे सल्फेट कठीण स्फटिकांचे रूप घेते आणि मग सहजी हलत नाही. घटात गाळ बसावा आणि पाण्याला जागाच उरू नये, तशी ही गत. शिवाय रिकाम्या घटातील आम्ल जवळजवळ पाण्याइतके पातळ झालेले असते. कडक थंडीत ते गोठते आणि घट फुटतो. कोठारात अर्धवट रिकामा ठेवलेला घट वसंतात दगा देतो, तो बहुधा यामुळे.

आता आड व दोर. १८७१ साली ग्रामने आपला डायनमो पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवला, आणि आड वाहता झाला. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात असे दिसून आले, की एका डायनमोची वीज दुसऱ्यास दिली तर तो दुसरा आपणच मोटारीसारखा फिरू लागतो. या गुणातच एक धोका लपलेला होता. डायनमो मंदावला की त्याला जोडलेला घट उलट त्यालाच फिरवू पाहतो, आणि स्वतः रिता होतो. म्हणून दोघांच्या मध्ये आपोआप उघडझाप करणारी कळ घालावी लागली. आपल्याकडील आगगाडीच्या डब्याखाली चाकाच्या आसाने पट्ट्यावर फिरणारा डायनमो व घटांच्या पेट्या असत, त्यांत हीच योजना होती. गाडी स्थानकात थांबली की डब्यातील दिवे मंद होत. जुन्या प्रवाशांना ते स्मरत असेल. आड थांबला, घटावर भागविणे चालू, एवढाच त्याचा अर्थ. १९१२ साली केटरिंगच्या योजनेने कॅडिलॅक मोटारीत विजेने एंजिन सुरू होऊ लागले, आणि घट भरण्याचे काम त्याच एंजिनाकडे आले. पुढे १९६० पासून मोटारींत डायनमोची जागा प्रत्यावर्ती जनित्र घेऊ लागले. उघडझाप करणाऱ्या कळीचे काम सिलिकनचा डायोड करू लागला. तो विजेला एकाच दिशेने जाऊ देतो.

हिरवळीच्या यंत्रात हेच सारे लहान प्रमाणावर असते. एंजिनाच्या जड चाकात चुंबके, त्याखाली तारेची वेटोळी, मग डायोड किंवा नियामक, फ्यूज, आणि शेवटी घट. तेव्हा तपासही त्याच क्रमाने करावा. भरताना घटातून हायड्रोजन वायू निघतो व ठिणगीने त्याचा स्फोट होतो. म्हणून जागा मोकळी असावी, विस्तव दूर असावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. प्रथम अग्रांवरचा गंज खरवडून जोड घट्ट करावेत. पुष्कळदा रोग एवढाच निघतो. मग घट बाहेरच्या साधनाने पूर्ण भरून रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी व्होल्टमापक १२·६ च्या आसपास दाखवील आणि एंजिन जोमाने सुरू होईल, तर घट निर्दोष. दाब बराच उतरला असेल, तर घटाचे आयुष्य सरले.

घट निर्दोष ठरल्यावर एंजिन वेगाने चालू ठेवून पुन्हा मोजावे. दाब साधारण १३·५ ते १४·५ पर्यंत चढला, तर आड व दोर दोन्ही ठीक. चढला नाही, तर आधी फ्यूज व तारा पाहाव्यात. नंतर वेटोळ्यांतून प्रत्यावर्ती वीज येते का ते पाहावे. ती किती यावी हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती येत असून घटापर्यंत पोहोचत नसेल, तर डायोड किंवा नियामक गेला. मुळातच येत नसेल, तर आड आटला. चालत्या एंजिनावर घटाची तार काढून पाहण्याची जुनी खोड मात्र येथे सोडावी. तिने धडधाकट नियामकही जळू शकतो.

कधी कधी दोष कोणाचाच नसतो, चुकतो तो हिशेब. कित्येक लहान एंजिनांची वेटोळी ३ अँपिअरच वीज देतात. एकदा एंजिन सुरू करण्याचा खर्च त्यांतून काही मिनिटांत भरून निघतो. पण ३० अँपिअर-तासांचा पुरता रिकामा घट भरण्यास दहा तासांहून अधिक वेळ लागेल. अर्धा तास गवत कापून तो भरावा ही अपेक्षाच अवास्तव.

या साऱ्या खटाटोपाचे मोल नव्या घटाच्या किमतीएवढेच नाही. घटातले शिसे विषारी आहे. ते वितळविताना निष्काळजीपणा झाला, तर त्याची धूळ व धूर आसपासच्या माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, अंगात भिनतो. खरोखर सरलेला घट योग्य भट्टीकडेच सोपवावा, आणि न सरलेला घट सरला असे म्हणण्यापूर्वी आडात एकदा डोकावून पाहावे.