‘हा’ दिवस कोणता? विल्यम बर्डच्या एका ईस्टर-रचनेचा अर्थविचार

विल्यम बर्ड या इंग्रज संगीतकाराने ईस्टरच्या उपासनेतील ‘हेक दिएस’ ही लॅटिन संहिता तीनदा स्वरबद्ध केली : १५९१ मध्ये सहा, १६०५ मध्ये तीन आणि १६०७ मध्ये पाच आवाजांसाठी. मूळ वचन तेच असताना या रचनांचा अर्थही एकच राहतो काय, हा प्रश्न केवळ संगीतेतिहासाचा नाही; संहिता आणि संदर्भ यांच्या नात्याचा आहे.

परमेश्वराने घडविलेल्या दिवसाबद्दल आनंद करण्याचे हे आवाहन स्तोत्रसंहितेच्या ११८ व्या स्तोत्रातील आहे. त्यातील पहिलाच शब्द दर्शक सर्वनाम आहे, आणि दर्शकाला त्याचा निर्देश उच्चाराचा प्रसंग पुरवीत असतो. हिब्रू स्तोत्रातील ‘हा’ दिवस ख्रिस्ती उपासनेने पुनरुत्थानाचा दिवस ठरविला. पुढे १५८१ मध्ये जेझुइट धर्मगुरू एडमंड कॅम्पियन व त्याच्या सहकाऱ्यांना राजद्रोहाबद्दल मृत्युदंड सुनावला गेला, तेव्हा बंदिवानांच्या तोंडून हेच वचन निघाल्याचे कॅथलिक वृत्तांत सांगतात. तेथे ‘हा’ दिवस शिक्षेचा दिवस झाला.

बर्ड एलिझाबेथ राणीच्या राजगायकवृंदात होता आणि कॅथलिकही होता. जेरुसलेमच्या उद्ध्वस्ततेवरील त्याच्या मोटेटांमध्ये इंग्लंडमधील कॅथलिकांचा आक्रोश दडलेला आहे, असे प्रतिपादन जोसेफ कर्मन यांनी १९८१ च्या ग्रंथात केले. कॅम्पियनविषयक एका कवितेला बर्डने चाल दिली होती, ती १५८८ मध्ये छापली गेली. तेव्हा १५९१ च्या संग्रहाच्या अगदी अखेरीस येणारे ‘हेक दिएस’ हे हुतात्म्यांचे गुप्त गीत मानण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

परंतु सांकेतिक लिपीला एकच उकल असते. दर्शकाचा निर्देश मात्र प्रत्येक गायनागणिक नव्याने निश्चित होतो. शिवाय रचनेचा रूपबंध या वाचनाला आधार देत नाही. आरंभ वरच्या आवाजांनी उजळलेला आहे. आनंदाच्या शब्दांवर लय त्रिमात्रिक होऊन आघात एकमेकांना छेद देतात. ‘आलेलुया’वर लय पुन्हा द्विमात्रिक होते आणि सहाही आवाज एकमेकांचा पाठलाग करतात. येथे शोकाची छटा नाही, की दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखविणारी खूण नाही.

१६०७ ची रचना याहून वेगळ्या ठिकाणी उभी आहे. ‘ग्राडुआलिया’च्या या दुसऱ्या भागात ती ईस्टरच्या मिस्सेच्या क्रमात बसविलेली आहे. ‘हा’ दिवस आता निःसंदिग्धपणे ईस्टरचाच आहे. पण इंग्लंडमध्ये मिस्सा साजरी करणेच निषिद्ध होते; १६०५ मध्ये पहिला भाग जवळ बाळगल्यावरून एका परदेशी प्रवाशाला लंडनमध्ये अटकही झाली होती. उलट १५९१ चे लॅटिन मोटेट कोणत्याही सुशिक्षित घरात, वर्षाच्या कोणत्याही दिवशी निर्धास्तपणे गाता येण्याजोगे होते.

म्हणजे जेथे अर्थ मोकळा आहे तेथे धोका कमी, आणि जेथे तो वाच्यार्थाइतका सरळ आहे तेथे अधिक. दडपलेल्या समाजाच्या कलेत आपण सवयीने व्यंग्यार्थ शोधतो. बर्डचे उदाहरण सुचविते ते असे की, काही काळी वाच्यार्थालाच बंदी असते. अशा वेळी शब्द त्यांच्या नेमक्या जागी उच्चारणे हीच राजकीय कृती ठरते. समीक्षकाने मग संहितेखाली काय दडले आहे एवढेच विचारून थांबू नये. ती कोठे, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या मुखी आली, हेही विचारले पाहिजे.