मुद्दा सोडून माणसावर : संमतिवयाचा वाद, १८९१

१/ १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही १०-११ वर्षांची विवाहिता पतीच्या बळजोरीने दगावली. पतीवर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही. कारण १८६० च्या दंडसंहितेने पत्नीसाठी संमतीचे वय १० ठरविले होते. ते १२ करावे की नाही, एवढाच प्रश्न होता.

२/ बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. त्यांच्या युक्तिवादाऐवजी चर्चा त्यांच्या धर्माचीच झाली : हिंदूंच्या घरात या पारशाने नाक का खुपसावे?

३/ न्यायमूर्ती रानड्यांवरचा वार अधिक बोचरा होता, कारण तो खरा होता. विधवाविवाहाचे हे पुरस्कर्ते. पण १८७३ मध्ये पत्नीच्या निधनानंतर त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून ११ वर्षांच्या मुलीशी विवाह केला. विसंगती उघड होती. मात्र रानडे चुकले म्हणून १० वर्षांच्या मुलीचे शरीर संसारास समर्थ ठरत नव्हते.

४/ १८८८ मध्ये 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांची तर पुण्यातील सनातन्यांनी हयातीतच प्रेतयात्रा काढली.

५/ न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्यशोधनासाठी वाद, विजयासाठी जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा. १८९१ मध्ये हे तिन्ही एकाच वेळी चालू होते.

६/ वाद होताच. डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथांतील वचने मांडली. टिळकांनी त्यांना ग्रंथाधारेच उत्तर दिले. परकीय सरकारने धर्मात हात घालू नये, हा टिळकांचा आक्षेपही मुद्द्याचाच होता.

७/ मग इतर अनेकजण माणसावर का घसरले? मलबारींचे म्हणणे मान्य करणे म्हणजे स्वतःच्या लेकीला, बहिणीला, पत्नीला आपणच काय भोगायला लावले, हे मान्य करणे. युक्तिवादाला शरण जाण्याची किंमत घरातच मोजावी लागणार होती. बोलणाराच परका, ढोंगी किंवा धर्मबुडवा ठरला, की ती किंमत टळत असे. वितंडेमागे बुद्धीचे दारिद्र्य असतेच असे नाही. पुष्कळदा तिच्यामागे भय असते.

८/ १९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला. मलबारी पारशी होते, रानडे विसंगत होते. आणि तरीही फुलमणीच्या मृत्यूने विचारलेला प्रश्न बरोबर होता.