पेशी म्हाताऱ्या होतात म्हणजे काय? आणि त्याचा कॅन्सरशी संबंध काय?

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं खांडबारा हे नंदुरबार जिल्ह्यातलं, नवापूर तालुक्यातलं गाव. इथल्या बाजारात, स्टेशनवर थोडा वेळ थांबलात, तर तळहातावर तंबाखू-चुना मळणारं कुणीतरी दिसेलच. 'आजोबांनी आयुष्यभर खाल्ली, त्यांना काय झालं?' हा प्रश्नही ठरलेला. त्याचं उत्तर आपल्या पेशींच्या वयात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांत दडलेलं आहे.

पेशी म्हातारी कशी होते?

माणसाच्या पेशी कायम विभागत राहत नाहीत. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं, की प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० विभाजनांनंतर त्या थांबतात. प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, झिजत जातात. तंबाखूसारख्या पदार्थांमुळे डीएनएला इजा झाली तरीही पेशी थांबू शकते.

हे थांबणं मुळात चांगलंच आहे. बिघडलेली पेशी वाढलीच नाही, तर गाठ कशी होणार?

मग अडचण कुठे येते?

थांबलेली पेशी गप्प बसत नाही. ती सूज वाढवणारी रसायनं आजूबाजूला सोडत राहते. तरुणपणी रोगप्रतिकारक पेशी तिला शोधून साफ करतात. वय वाढतं तशी ही सफाई मंदावते, म्हाताऱ्या पेशी साचतात आणि त्यांच्या रसायनांमुळे शेजारच्या बिघडलेल्या पेशींना वाढायला पोषक वातावरण मिळतं.

आपल्याकडचं उदाहरण सुपारी आणि गुटख्याचं आहे. सुपारीमुळे तोंडातली त्वचा आतून कडक होते आणि तोंड नीट उघडत नाही. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पुढे यातून कॅन्सर होऊ शकतो. अशा रुग्णांच्या तोंडात म्हाताऱ्या पेशी वाढलेल्या असतात, असं संशोधनात आढळलं आहे. म्हणजे माणूस पंचविशीचा असला, तरी तोंडातल्या पेशी म्हाताऱ्या झालेल्या असू शकतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू सहज मिळतात.

पहारेकरी झोपतात, की झोपवले जातात?

दोन्ही होतं. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. अशा रुग्णांना काही कॅन्सरचा धोका वाढतो. एचआयव्ही असलेल्या महिलांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट असतो.

गाठ स्वतःही डाव टाकते. टी-पेशींवर पीडी-१ नावाचा 'ब्रेक' असतो. कॅन्सरच्या पेशी तोच दाबतात आणि पहारेकरी समोर असूनही हल्ला करत नाही. हे ब्रेक सोडवण्याच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. त्यातूनच इम्युनोथेरपी पुढे आली.

ही औषधं फार महाग आहेत. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी देऊन पाहिलं. हा नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. गोळ्यांच्या केमोला याची जोड दिल्यावर एका वर्षानंतर हयात असलेल्या रुग्णांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

मग आजोबांना काय झालं नाही, ते कसं?

कॅन्सर व्हायला अनेक बिघाड एकत्र यावे लागतात आणि पहाराही चुकावा लागतो. काहींच्या बाबतीत ते जुळून येत नाही. पण ते नशीब वारसाहक्काने नातवाला मिळत नाही.

आणि 'इम्युनिटी वाढवणारा' काढा?

प्रतिकारशक्ती म्हणजे रेडिओचा आवाज नव्हे, की बटण फिरवलं आणि वाढला. काढ्याने कॅन्सर टळतो किंवा बरा होतो, याला पुरावा नाही. काढ्यावर विसंबून गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.

तुम्ही काय करू शकता?

• तोंड उघडून तीन बोटं उभी आत जातात का, ते पाहा.
• पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.
• वय ३० च्या पुढे असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी करून घ्या. महिलांनी स्तन आणि गर्भाशयमुखाचीही करावी.
• तंबाखू सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

पेशींचं वय आपल्याला थांबवता येत नाही. तळहातावरची तंबाखू मात्र आज टाकता येते.