कितलं भरनं? त्याआधी विचारा, काय भरलं?

शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला गांजाची शेती पकडली, ही बातमी आपल्या धुळे-जळगावकडे नवी नाही. फोटोही ठरलेला: हिरव्या झाडांचा ढीग आणि मागे उभे पोलीस. चावडीवर पहिला प्रश्न येतो, "कितलं भरनं?" माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तागडीत नेमकं काय टाकलं? पान, खोड, मुळं, माती, की फक्त शेंडा?

केळीची करपा लागलेली पानं कापणं आपल्याला ठाऊक आहे, ते पिकासाठी. गांजाच्या पानाची गोष्ट वेगळी आहे. तिथे पान वेगळं केलं की नाही, यावर माणसाच्या तुरुंगातल्या वर्षांचा हिशेब फिरू शकतो.

हा भेद आजचा नाही. एकाच झाडाचे आपल्याकडे पूर्वीपासून तीन माल: पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस. नशेचा जोर राळेत, राळ मुख्यतः फुलोऱ्यात. म्हणून जुने गांजा पिकवणारे नर झाडं शोधून उपटून टाकत, म्हणजे मादीत बी धरत नसे. इंग्रजांच्या काळात हे चोरीछुपे नव्हतं. मुंबई इलाख्यात नगर जिल्हा गांजाच्या पिकासाठी प्रसिद्ध होता. आणि भुसावळहून रावेर, बऱ्हाणपूर करत गेलं की लागणारा खंडवा हे मध्य प्रांतातलं सरकारी परवान्याच्या लागवडीचं ठिकाण होतं. पीक आपल्या शेजारचंच होतं, फक्त त्यावर सरकारी कर होता.

1893 साली ब्रिटिश संसदेत या नशेबद्दल प्रश्न निघाला आणि सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाने देशभर फिरून 1,193 साक्षी घेतल्या आणि 1894 मध्ये अहवाल दिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरसकट बंदी नको, कर लावा, परवाने द्या, लक्ष ठेवा.

पुढे 1961 मध्ये अमली पदार्थांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या व्याख्येत शेंड्याशिवायची नुसती पानं आणि बी वगळलं गेलं. भांगेची परंपरा असलेल्या आपल्या देशासाठी ही मोठी गोष्ट होती. 1985 च्या आपल्या एनडीपीएस कायद्याने तीच व्याख्या उचलली: गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे, शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बी त्यात धरायचे नाहीत.

आता कोणी म्हणेल, मग पानं खुडून टाकली की सुटलो! नाही, भाऊ. झाड लावणं हाच वेगळा गुन्हा आहे, शिक्षा 10 वर्षांपर्यंत. परसात एकच झाड असो, पानं छाटलेली असोत की नसोत. शिवाय महाराष्ट्राचा 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही सोडत नाही.

पण माल जप्त झाल्यावर सगळा खेळ वजनाचा. 1 किलोपेक्षा कमी ते अल्प प्रमाण, शिक्षा 1 वर्षापर्यंत. त्यापुढे 20 किलोपर्यंत 10 वर्षांपर्यंत. 20 किलोच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण: कमीत कमी 10 वर्षं, जास्तीत जास्त 20, आणि जामीन मिळणं महाकठीण. ओलं झाड मुळासकट तागडीत टाकलं तर 20 चा आकडा गाठायला कितीसा वेळ लागतो? 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात पान आणि शेंडा यांतला हा फरक लक्षात घेतला होता. म्हणजे मुद्दा केवळ वकिली कीस काढण्याचा नाही.

मी गांजाची बाजू घेत नाही. कोवळ्या पोरांना त्याने कसं खाल्लंय, हे आपण गावोगाव बघतोय. पण अशा शेतात सापडतो तो बहुतेक वेळा राखण करणारा किंवा मजुरीवर आलेला माणूस. बियाणं देणारा आणि माल उचलणारा फोटोत नसतो. त्या मजुराला शिक्षा व्हावी ती त्याच्या गुन्ह्याएवढी. खोडाच्या आणि पाण्याच्या वजनाची नको. आणि पंचनामा ढिसाळ झाला तर उलटंही होतं: त्याच त्रुटीवर खरा व्यापारी सुटून जातो.

पंचनाम्यावर सही करणारे पंच आपल्यातलेच असतात. उद्या तुम्हाला बोलावलं तर एवढंच करा: शेंडे वेगळे केले का, पानं-खोड वेगळं मोजलं का, माल ओला होता की वाळलेला, हे विचारा, कागदावर लिहून घ्या आणि वाचून मगच सही करा.