आण्णांची गोळी

गेल्या हिवाळ्यात आई-बाबा माझ्याकडे अल-खोबरला आले होते. (आपल्या खोबऱ्याशी या गावाचा काही संबंध नाही, हे आईला दोनदा सांगावं लागलं.) सौदीला येताना सामान जपून भरावं लागतं. खसखशीला इथे बंदी, म्हणून अनारसे बिनखसखशीचे. बाबांच्या बी.पी.च्या गोळ्या मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आल्या. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन. त्या डबीत लावताना बाबा म्हणाले, "आमच्या आण्णांना एकच होती, सर्पगंधेची. नाक कायम चोंदलेलं आणि आम्ही तपकिरीला नावं ठेवायचो."

आण्णा म्हणजे माझे आजोबा. मी इंजिनियर, औषधातलं मला कळत नाही, पण चोंदलेलं नाक आणि रक्तदाब यांचा संबंध काय हे डोक्यात राहिलं आणि शोधत बसलो.

आधी काळ लक्षात घ्या. १२ एप्रिल १९४५ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० नोंदला गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या डॉक्टरांकडेही दाबावर धड औषध नव्हतं. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, नाहीतर थेट मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया.

आपल्याकडे सर्पगंधेचं मूळ तेव्हाही वापरात होतं. वेड, झोप न येणं, सापाचं विष, सगळ्यावर. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते रक्तदाबावर चालतं असं छापलं. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकींनी मुळातली द्रव्यं वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खानांवरून 'अजमलीन' नाव दिलं. पण हे सगळं भारतात छापलं गेलं आणि भारतातच राहिलं.

ते बाहेर नेलं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. केईएम रुग्णालयातले हे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी ५० रुग्ण घेतले, चार आठवडे मुळाच्या गोळ्या दिल्या, दाब मोजून लिहून ठेवला आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला. आजच्या कसोटीवर ही चाचणी कच्ची वाटेल. पण "आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" असं म्हणून ते थांबले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. आकडे होते म्हणून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्सनी औषध आपल्या रुग्णांवर वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातलं मुख्य द्रव्य, रेसर्पिन, हाती आलं. वकीलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र मला ते कधी भेटले नाहीत.

आता नाकाचं. मज्जातंतूच्या टोकाशी बारीक पिशव्या असतात आणि एक पंप त्यात नॉरअ‍ॅड्रेनलिन भरत राहतो. तेच सुटून रक्तवाहिन्या आवळतं. रेसर्पिन हा पंपच बंद पाडतं. पिशव्या रिकाम्या, वाहिन्या सैल, दाब खाली. नाकातल्या वाहिन्याही सैल होऊन फुगतात, म्हणजे आण्णांची तपकीर निर्दोष!

पण तसलेच पंप मेंदूतही असतात आणि तिथे डोपामिन, सिरोटोनिन संपतं. जास्त डोस घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी पन्नासच्या दशकात येऊ लागल्या. त्यातून एक वेगळाच फायदा झाला. रेसर्पिन देऊन निश्चल झालेले ससे १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसननी एल-डोपा देऊन पुन्हा हलते केले. पार्किन्सनचा उपचार त्यातूनच निघाला आणि कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

दाब उतरवला तर माणूस खरंच वाचतो का, याचाही निकाल याच औषधाच्या साथीने लागला. १९६७ मध्ये अमेरिकेत १४३ माजी सैनिकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्यांवरची. निम्म्यांना रेसर्पिनसह तीन औषधं, बाकीच्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. गंभीर घटना खोट्या गोळ्यांच्या गटात २७, औषधाच्या गटात २. पुढे जास्त सोयीची औषधं आली आणि रेसर्पिन मागे पडलं.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आण्णा शेवटी शेवटी बोलतच नसत रे." डोस किती होता कोणाला आठवत नाही, आणि म्हातारपणी गप्प व्हायला माणसाला इतर कारणं पुष्कळ असतात. मी तसं म्हणालोही.

या झाडाचं शास्त्रीय नाव रोवोल्फिया. लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्यावरून ते ठेवलं, आणि हा गृहस्थ भारतात कधी आलाच नाही! १५७३ मध्ये निघून तो अलेप्पो, बगदाद हिंडला आणि लोक कॉफी पितात हे युरोपला छापून सांगणाऱ्या पहिल्या काहींपैकी एक ठरला. हे वाचून दाखवत होतो तेव्हा बाबा वेलदोड्याच्या अरबी कॉफीचा तिसरा पेला घेत होते. "पुरे" म्हणायचं तर इथे रिकामा पेला हलवून परत द्यायचा असतो. आईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच हलवला.