औषध आधी, रोग नंतर

रेकॉर्ड संपली, पिन उचलली, टर्नटेबलचं बटण बंद केलं की स्पीकरमधून 'फट्ट' असा आवाज. जुन्या रेकॉर्डी ऐकणाऱ्यांना हा ओळखीचा असेल. मग अ‍ॅम्प्लिफायरवर संशय घ्या, वायरी बदला, हे सगळं सुरू होतं. गंमत अशी की या रोगावरचं औषध १८५३ साली पॅरिसमध्ये सापडलं, आणि एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ साली. म्हणजे औषध आधी आणि रोग नंतर!

आधी रोग काय ते पाहू. टर्नटेबलची मोटर म्हणजे शेवटी तारेची गुंडाळी. एसटीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी जसे पुढे फेकले जातात, तसंच गुंडाळीतल्या विजेचं होतं. स्विच उघडला तरी वाहती वीज एकदम थांबायला तयार नसते. स्विचच्या दोन टोकांमधला दाब क्षणात शेकडो व्होल्टवर चढतो आणि वीज हवेतून उडी मारते. हीच ठिणगी. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने लांब तारांच्या अशा ठिणग्यांबद्दल १८३२ साली लिहिलं. इंग्लंडमध्ये १८३४ साली विल्यम जेन्किन नावाच्या गृहस्थांनी फॅरडेच्या कानावर एक चमत्कार घातला: एका साध्या सेलची वीज हाताला जाणवतसुद्धा नाही, पण त्याच सेलवर चालणाऱ्या विद्युतचुंबकाची जोडणी तारा हातात धरून तोडली की सणसणीत झटका बसतो. फॅरडेने मग त्याचा सविस्तर अभ्यास केला.

आता औषध. हाइनरिश रूमकॉर्फ हा मूळचा जर्मन कारागीर पॅरिसमध्ये वैज्ञानिक उपकरणं बनवत असे. त्याच्या 'इंडक्शन कॉइल'मध्ये वीज सारखी जोडली-तोडली जाई आणि दुसऱ्या गुंडाळीतून लांब ठिणग्या मिळत. अडचण अशी की तोडण्याच्या जागीही ठिणगी पडे, त्यात बरीच शक्ती वाया जाई आणि टोकं जळत. १८५३ मध्ये इपोलित फिझो या शास्त्रज्ञाने (१८४९ साली प्रकाशाचा वेग जमिनीवर मोजणारा तो हाच) सुचवलं, की त्या टोकांना समांतर एक कंडेन्सर जोडा. थांबायला नकार देणाऱ्या विजेला जायला एक जागा मिळाली. नको तिथली ठिणगी दबली आणि हवी तिथली वाढली. पुढे १८६४ साली फ्रान्सच्या सम्राटाने या कॉइलसाठी रूमकॉर्फला ५०,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. आपल्याकडे जुनी स्कूटर सुरू होईना की मेकॅनिक "पॉइंट साफ करून कंडेन्सर बदलला" म्हणायचा, तो कंडेन्सर म्हणजे फिझोचीच युक्ती.

पण ठिणगी पडली स्विचमध्ये, आवाज स्पीकरमध्ये कसा? याचं उत्तर हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूऽ इथे दिलं. रूमकॉर्फच्याच जातीची कॉइल वापरून त्याने दाखवलं की ठिणगीतून विद्युतचुंबकीय लहरी निघतात. १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पाठवला तोही ठिणगीच्याच जोरावर. तेव्हा टर्नटेबलचा स्विच म्हणजे एक छोटं, बिनपरवान्याचं आकाशवाणी केंद्र!

चावीच्या ग्रामोफोनला याचा त्रास नव्हता. इथे इंग्लंडमधली 'गॅरार्ड' ही प्रसिद्ध टर्नटेबल कंपनी १९१५ साली राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी काढली. तोफखान्यासाठी अंतर मोजायची यंत्रं बनवणं हा तेव्हाचा उद्देश. महायुद्ध संपल्यावर स्विंडन गावात ती ग्रामोफोनच्या स्प्रिंगवाल्या मोटरी बनवू लागली. तिथे वीजच नाही, तर ठिणगी कुठली? १९२५ पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, पाठोपाठ विजेच्या मोटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर. गॅरार्डचं गाजलेलं ३०१ मॉडेल १९५४ चं. पिनमधून येणारा सिग्नल साधारण ५ मिलिव्होल्ट, तो शंभरेक पट मोठा करायचा, आणि वीतभर अंतरावर २३० व्होल्टचा स्विच. मग 'फट्ट' होणारच. म्हणून त्या काळच्या बऱ्याच टर्नटेबलांच्या स्विचवर कारखान्यातूनच कपॅसिटर लावलेला असे. (कंडेन्सर आणि कपॅसिटर एकच बरं का, फक्त नाव बदललं.)

हे कपॅसिटर आता साठीच्या घरात आहेत. आतला कागद ओल धरतो, वरचं आवरण तडकतं. एका मित्राच्या टर्नटेबलचं (कंपनी कुठली ते राहू दे) हेच झालं होतं. दुकानदाराने त्याला नवा अ‍ॅम्प्लिफायर सुचवला होता. त्याला कोडं पडलं होतं ते आवाज कधी येतो, कधी येत नाही याचं. त्याचं कारण सोपं आहे. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते. नेमक्या त्या क्षणाजवळ स्विच उघडला तर ठिणगी नाही, शिखरावर असताना उघडला तर मोठी. मी खालचं झाकण काढून नवा कपॅसिटर लावला. खर्च चहा-बिस्किटांहून कमी.

करून पाहणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. कपॅसिटर घराच्या विजेवर सतत राहण्यासाठी बनवलेला, 'एक्स-२' वर्गाचाच हवा. रेडिओतला जुना काढून लावू नये, तो बिघडला तर आग लागू शकते. दुसरं, सोबत ओळीत १०० ओमचा रोध हवा, नाहीतर स्विच लावताना भरलेला कपॅसिटर एकदम त्याच्या टोकांतून रिकामा होतो आणि टोकं खातो. तिसरं, मोठा तेवढा चांगला असं नाही. ०.१ मायक्रोफॅरडमधून स्विच बंद असतानाही सुमारे ७ मिलिअँपिअर वीज झिरपत राहते. छोट्या मोटरीला बहुधा ०.०१ पुरतो, त्यातून ०.७ झिरपते.

आणि म्हणूनच, असा कपॅसिटर लावलेलं यंत्र फक्त बटण बंद करून उघडू नका. प्लग भिंतीतून काढा, पाच मिनिटं थांबा, मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या. जेन्किनसाहेबांना बसला तो झटका एका सेलचा होता, तुमच्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत.